पहाटे बर्फाच्या ड्रममध्ये बसा म्हणणाऱ्यांना

आमचे अण्णा 64 वर्षांचे, बीपीची गोळी रोज चालू. परवा पहाटे आईचा फोन आला: अंगणातल्या 200 लिटरच्या निळ्या ड्रममध्ये बर्फाची लादी फोडून टाकलीय अन् हे आत उतरायलेत. परभणीची थंडी सगळ्यांना माहीत आहे. मी ओरडलो तर अण्णा म्हणाले, "सगळं गाव करायलंय, मेसेज वाच की."

वाचला. सूर्योदयाआधी 15 मिनिटं गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसा. आधी 30 वेळा जोरजोरात श्वास घ्या, मग दम कोंडून डोकं बुडवा. हुडहुडी भरली म्हणजे विष निघतंय. बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील. लगेच कढत पाण्यानं अंघोळ करा. आपले आजोबा हेच करायचे.

अण्णा फसले ते आजोबांच्या नावावर. आजोबा पहाटे विहिरीवर अंघोळ करायचे, हे खरंच आहे. पण हिवाळ्यात उपसलेल्या पाण्यातून वाफा निघताना आपण सगळ्यांनी पाहिल्यात. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाला राहतं, आपल्याकडे साधारण 25 अंशांच्या आगेमागे. बाहेर 8 अंश असले की ते कोमटच लागतं. बर्फाच्या पाण्यात आजोबा कधी बसले नाहीत.

दम कोंडायचं वाक्य मात्र जीव घेणारं आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. जोरजोरात श्वास घेऊन तो आधीच कमी केला, की प्राणवायू संपत आला तरी शरीर इशारा देत नाही. माणूस शुद्ध हरपतो अन् त्याचं तोंड पाण्याखाली असतं. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी थंड पाण्यात शरीराचं काय होतं याच्या अभ्यासात आयुष्य घातलंय. ते सांगतात, पाणी लागताच पहिला श्वास आपोआप, न विचारता आत ओढला जातो. नाडी अन् बीपी एकदम चढतं. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जोराचा असतो. त्या वेळी डोकं आत असेल तर श्वासाबरोबर पाणीच छातीत जाणार. 2012 साली त्यांनी मायकेल शॅटॉक यांच्याबरोबर आणखी एक धोका मांडला: अंगाला लागलेलं थंड पाणी हृदयाला पळवतं, तर बुडवलेला चेहरा अन् कोंडलेला दम त्याला मंद करतो. दोन्ही एकदम झालं तर ठोक्यांची लय बिघडू शकते. अण्णांसारख्या बीपीवाल्याला हे करायला सांगणं मला माफ करता येत नाही.

हुडहुडी म्हणजे स्नायू थरथरून ऊब तयार करतात. विषबिष काही निघत नाही. ते काम यकृत अन् मूत्रपिंड करतात. गोळ्या सुटत नाहीत. शुगरमुळे ज्यांचे पाय बधिर झालेत, त्यांना पाय गारठून इजा झालेलीसुद्धा कळत नाही. कढत पाण्याचं म्हणाल, तर गारठलेल्या अंगावर ते ओतल्यावर कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, बीपी पडतं अन् चक्कर येते.

एक मान्य करावं लागेल. भरपूर व्यायामानंतर थंड पाण्यात बसल्यानं स्नायूंचं दुखणं कमी होतं, याला पुरावा आहे. पण ते पाणी बहुतेक वेळा 10 ते 15 अंशांचं असतं.

आणि बाहेर निघायचं कसं, हे मेसेजात कुठंच नाही. बर्फाच्या पाण्यात 10 मिनिटांच्या आतच हातापायातली ताकद जायला लागते. ड्रमचा काठ कमरेपर्यंत. त्या बधिर हातांनी अण्णा वर चढणार कसे?

धडधाकट माणसाला करायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकट्यानं उतरू नका. सहज बाहेर पाय टाकता येईल असा उथळ टब घ्या, थर्मामीटर ठेवा, पाणी 15 अंशांच्या खाली नको. पायापासून हळूहळू उतरा, डोकं बाहेरच ठेवा, पहिल्यांदा एक-दोन मिनिटं पुरे. निघाल्यावर अंग कोरडं करा, स्वेटर घाला, चहा घ्या. बाहेर आल्यावरही शरीर थोडा वेळ गार होतच राहतं, तेव्हा लगेच मोटारसायकल काढू नका.

आमचा ड्रम आईनं आडवा करून ठेवलाय. सोमवारी अण्णांना डॉक्टरांकडे नेणार आहे.