पहिल्या नंबरचं शहर आणि 11 महिन्यांचा करार

राहायला सगळ्यात भारी शहर कोणतं याची यादी आली की लोक ती वाचतात, स्टेटसला टाकतात, नागपूरच्या नाहीतर मुंबईच्या नातेवाइकांशी दोन दिवस भांडतात आणि विसरून जातात. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला मात्र ही चैन नाही. आमचे घरमालक काका (बँकेतून रिटायर्ड, कोथरूड, आम्ही खाली ते वर) असल्या सगळ्या याद्या जपून ठेवतात आणि करार रिन्यू करायची वेळ आली की एकेक बाहेर काढतात. नंबर शहराचा येतो आणि त्याची फी आम्ही भरतो.

याची सुरुवात 2018 ला झाली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचा ईज ऑफ लिव्हिंग इंडेक्स आला, 111 शहरं, त्यात पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी आणि दिल्ली थेट पासष्टावी. काकांना पुणे पहिलं आल्याचा जेवढा आनंद झाला त्याच्यापेक्षा दिल्लीच्या पासष्टचा जास्त झाला, पण तो त्यांनी फुकट वाटला. पहिल्या नंबराचे त्यांनी पैसे लावले. "अरे, देशात पहिल्या नंबरच्या शहरात राहतोयस, दहा टक्के वाढ म्हणजे काहीच नाही." मी म्हटलं काका, संध्याकाळी तासभरच पाणी येतं. तर म्हणाले, "येतं ना? मग झालं."

मग मी पण जिद्दीला पेटून त्या इंडेक्सची मार्कलिस्ट वाचली. घरं, पाणी, वाहतूक, कचरा वगैरे फिजिकल गोष्टींना 100 पैकी 45, सामाजिकला 25, कारभाराला 25, आणि आर्थिक बाजूला किती, तर 5. म्हणजे माणूस त्या शहरात कमावणार काय हा प्रश्न पाच मार्कांचा, ऑप्शनला टाकला तरी चालेल असा. सगळे मिळून 78 निकष होते. आणि निकालाला दोन महिने व्हायच्या आत, सप्टेंबरच्या 27 तारखेला, दांडेकर पुलाजवळ मुठेचा कालवा फुटला, लोकांच्या घरात पाणी घुसलं, संसार वाहून गेले, आणि जलसंपदा मंत्र्यांनी कारण सांगितलं की उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला होता. 78 निकषांत खेकडा मी शोधला, कुठेही नव्हता.

पुढचा निकाल लागला मार्च 2021 मध्ये आणि पुणे दुसरं आलं! मी इतका खूश कधी झालो नव्हतो. तडक वर गेलो, म्हटलं काका, आपण खाली घसरलोय, भाड्याचं बघा आता काहीतरी. काकांनी चष्मा पुसला. "पहिलं कोण आलं?" म्हटलं बंगळुरू. "तिथे डिपॉझिट किती महिन्यांचं घेतात माहितीये? दहा. मी तीन घेतो." एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या खेपेला 30 टक्के मार्क लोकांच्या मतांना होते आणि देशभरातून 32 लाख लोकांनी मत दिलं होतं म्हणे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच कुणी विचारलेलं नाही, किंवा विचारलं असेल तर काकांनाच विचारलं असणार.

2024 च्या आकड्यांवरून टॉमटॉम या नकाशेवाल्या कंपनीची ट्रॅफिकची यादी आली तेव्हा मला वाटलं आता खरं हत्यार मिळालं. जगातल्या सगळ्यात संथ शहरांत पुणे चौथं, 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं आणि वर 22 सेकंद (हे 22 सेकंद कुणी मोजले त्याने एकदा संध्याकाळी हिंजवडीहून निघून दाखवावं). प्रिंट काढून घेऊन गेलो. काकांनी शांतपणे वाचली, म्हणाले, "चौथा. आणि देशात नाही हं, जगात."

या सगळ्यात मला एकच यादी पटली, ती मर्सर या सल्लागार कंपनीची. कारण ती कशासाठी आहे हे तरी सरळ असतं. मोठ्या कंपन्या साहेबाला परदेशात पाठवतात तेव्हा तिथे राहायचा त्रास किती आणि त्या त्रासाचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला ती वापरतात. 2019 ला त्यात व्हिएन्ना सलग दहाव्या वर्षी पहिलं, आणि भारतातली सगळ्यात वरची दोन शहरं म्हणजे हैदराबाद आणि पुणे, दोघं मिळून 143 वर. म्हणजे बघा, शहर वाईट असलं तर तिथे राहणाऱ्या साहेबाला जास्त पैसे मिळतात, आणि शहर चांगलं असलं तर तिथे राहणाऱ्या मला जास्त द्यावे लागतात. शहर तेच, रस्ते तेच, पाणी तेच एक तास, पण त्याचा त्रास झाल्याबद्दल त्याला भत्ता आणि मला दहा टक्के वाढ. मी काकांना म्हटलं पण, की 143 नंबरच्या हिशोबाने तुम्हीच मला महिन्याला काहीतरी द्यायला पाहिजे. त्या दिवसापासून काकू मला काळजीने बघतात.

व्हिएन्नाबद्दल पण सांगून झालं. तिथे निम्मी जनता महापालिकेच्या नाहीतर अनुदानाच्या घरात राहते, शंभर वर्षांपूर्वीपासून शहरानेच घरं बांधलीत, एकेक इमारत एवढी की कार्ल मार्क्स होफ नावाची तर किलोमीटरभर लांब आहे, म्हणून तिथे भाडं परवडतं आणि म्हणून लोक सुखात आहेत, असं मी चांगलं पंधरा मिनिटं बोललो. काका म्हणाले, "मग जा व्हिएन्नाला."

बाहेरून येऊन राहणाऱ्यांचा इंटरनेशन्सचा एक सर्वे असतो, त्यात 2022 ला हेच व्हिएन्ना तुसडेपणाबद्दल तळाला होतं. हे ऐकून काकांना पहिल्यांदाच त्या शहराबद्दल आपुलकी वाटली. "दुपारी बेल वाजवली की ओरडत असतील," म्हणाले.

यंदा बायकोने सूत्रं हातात घेतली. टाइम आउट मासिकाच्या 2025 च्या यादीत मुंबई आशियातलं सगळ्यात आनंदी शहर, 94 टक्के मुंबईकर म्हणतात की आमचं शहर आम्हाला आनंद देतं, तर आपण तिकडेच जाऊया का. काका म्हणाले, जरूर जा, फक्त या भाड्यात तिथे काय मिळतं ते आधी विचारून घे. तिने तिथेच मुंबईच्या वहिनीला मेसेज टाकला. वहिनीने आधी नुसते हसणारे इमोजी पाठवले, मग एक फोटो पाठवला. आम्हाला वाटलं किचनचा आहे, तर ते पूर्ण घर होतं.

रविवारी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन आला. माझा अंगठा लगेच मॅच झाला, काकांचा होईना, म्हणून ते हात धुवून येईपर्यंत मी त्याला विचारलं, तू कुठे राहतोस. म्हणाला वाघोलीला, स्वस्त पडतं, टँकर येतो. टॉवेलला हात पुसत काका बाहेर आले आणि म्हणाले, "वाघोली? कितवा नंबर आहे रे?"

त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता गट नंबर सांगितला.