संघर्ष टाळावा, हित सांभाळावे

शासकीय सेवेत नुकत्याच रुजू झालेल्या, तसेच निवृत्ती दोन वर्षांवर आल्याने घाईला आलेल्या सर्व बंधुभगिनींना आमचे नम्र सांगणे आहे की, हितसंबंधांचा संघर्ष ही वाईट गोष्ट असून ती टाळलीच पाहिजे. संघर्षाला दोन पक्ष लागतात: एक आपले हित आणि दुसरे जनतेचे. त्यांपैकी जनतेच्या हिताला नम्रपणे बाहेरच्या बाकावर बसवले, की आत भांडायला उरतेच कोण?

अडचण एवढीच, की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 निराळाच उपाय सांगतात. ज्या कंत्राटात आपले किंवा आपल्या कुटुंबीयांचे हित गुंतले असेल, ते प्रकरण स्वतः न हाताळता वरिष्ठांकडे पाठवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे अर्ध्या पानाची टिपणी लिहून खाली सही करायची, की झाले. इतक्या किरकोळ लिखाणाने प्रश्न सुटू लागला, तर आपल्या वीस वर्षांच्या अनुभवाला काय किंमत राहिली?

तेव्हा प्रथम नियमांतील 'कुटुंबीय' या शब्दाची व्याख्या बारकाईने वाचावी. पती किंवा पत्नी यांच्याखेरीज जी मुले आणि जे नातेवाईक आपल्यावर संपूर्णपणे अवलंबून असतील, तेच तिच्यात मोडतात. मेव्हणा आपल्यावर अवलंबून नसतो. बऱ्याच घरांत परिस्थिती नेमकी उलट असते, आणि तिची व्याख्या नियमांत कोठेही केलेली नाही. सबब पुरवठादार म्हणून मेव्हणाच उत्तम.

जमिनीच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहावे. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. अशा वेळी कोणत्या गटातून रस्ता जाणार आणि कोणता गट त्या रस्त्याला लागणार, हे ज्याच्या टेबलावरील नकाशात आधी दिसते, त्याच्या मनात शेतीची ओढ उत्पन्न होणे अगदी स्वाभाविक आहे. ही ओढ सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाने उमटू देऊ नये. मात्र नाव बदलले म्हणजे सुटलो, अशा भ्रमातही राहू नये. जी मालमत्ता घेण्यास लोकसेवकाला कायद्याने मनाई आहे, ती त्याने स्वतःच्या नावे, दुसऱ्याच्या नावे किंवा भागीदारीत घेतली, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 203 नुसार 2 वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते आणि मालमत्ता जप्त होते. कायदा करणाऱ्यांनाही मेव्हणे असावेत, अशी शंका आम्हांला येथे येते.

दिवाळीच्या भेटींविषयी फार लिहीत नाही. सुक्या मेव्याच्या डब्याचे वजन सुक्या मेव्याइतकेच आहे ना, एवढे हाताने तोलून पाहावे.

खरी कसोटी लागते ती दरपत्रकांची. काम मोठे असेल तर त्याचे तुकडे पाडावेत, म्हणजे ई-निविदेची पीडा टळते आणि तीन दरपत्रकांवर भागते. ही तिन्ही एकाच संगणकावर तयार होणार, हे गृहीतच आहे. परंतु निदान शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. आमच्या पाहण्यातील एका नस्तीत तीन निरनिराळ्या फर्मची, तीन रंगांच्या लेटरहेडवरची दरपत्रके टाचलेली होती आणि तिन्हींत 'खुर्च्यांचा पूरवठा' असे, पहिला ऊकार दीर्घ काढून, लिहिलेले होते. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी दुपारच्या चहाच्या वेळी ते तिन्ही 'पू' लाल पेनाने ऱ्हस्व केले, नस्ती पुढे पाठवली आणि साहेबांना एवढेच विचारले, "मेव्हण्यांचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं हो?"