१ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: कोळंबी थंड पाण्यानं मेली

नमस्कार साहेब. पुण्याहून रेवदंड्यापर्यंत मासे गळाला लावायला येऊन रिकाम्या हातानं परत जावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी. गर्दीत आमचा मुलगा तुमच्याशी तुटक बोलला, त्याबद्दलही. त्याला समज दिली आहे.

पण ‘३०० रुपये घेऊन मेलेली कोळंबी गळ्यात मारली’ हे वाक्य काही केल्या गिळवत नाही. गळाला आमिष म्हणून जिवंत कोळंबीचे २० नग तुमच्यासमोर मोजून दिले. मोजताना एकेक शेपूट मारत होती, तुमच्या मित्रानं मोबाईलवर शूटिंगही केलं. आणि तुमच्याच रिव्ह्यूत पुढे लिहिलंय: ‘गरम होऊ नये म्हणून बादलीत थंड पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या, झाकण घट्ट लावलं, तरी अर्ध्या तासात सगळी आडवी.’ साहेब, ‘तरी’ नव्हे, म्हणूनच आडवी.

ही खाडीची पांढरी कोळंबी, कुंडलिकेच्या मचूळ पाण्यातली. पाण्याचा खारेपणा हळूहळू बदलला तर ती सोसते, एकदम बदलला तर नाही. आम्ही बादलीत साधारण ४ लिटर खाडीचं पाणी दिलं होतं. त्यात तुमचं २ लिटर गोडं पाणी पडलं, म्हणजे खारेपणा एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्यानं उतरला. वर फ्रीजमधल्या पाण्याचा गारठा. मग झाकण बंद, गाडीची डिकी, भर दुपार. बादलीतली हवा कोंडली आणि पाण्यातला प्राणवायू संपला. यातलं एकच झालं असतं तर निम्मी तरी वाचली असती.

बादली देताना ‘झाकण उघडं ठेवा’ एवढंच आमच्याकडून सांगितलं गेलं. बाकीचं सांगायला हवं होतं, ते इथेच सांगतो, इतरांनाही उपयोग होईल. २० ते २५ कोळंबीला १० लिटर तरी पाणी हवं (आम्ही दिलेलं ४ लिटर कमीच होतं) आणि ते खाडीचंच, नळाचं मुळीच नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादली उंच नको, रुंद हवी, म्हणजे पाण्याला वरून हवा लागते. वर जाळीचं कापड बांधा, नाहीतर कोळंबी उडी मारून बाहेर पडते. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप असेल तर उत्तम. नसेल तर दर २० मिनिटांनी मगानं पाणी उचलून उंचावरून परत बादलीत सोडा आणि दर अर्ध्या तासानं तिसरा हिस्सा पाणी खाडीतून बदला. गारवा हवा असेल तर बर्फ बाटलीत घालून बूच घट्ट लावा आणि ती बाटली पाण्यात तरंगत ठेवा. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. मेलेली दिसली की लगेच काढा, एक मेली की पाणी नासतं आणि बाकीचीही जातात. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी सगळ्यात आधी जाते, तीच आधी गळाला लावा. आणि हाताला सनस्क्रीन असेल तर कोळंबीला हात लावू नका.

आता मेलेल्या कोळंबीचं. तुम्ही ती फेकून दिलीत असं लिहिलंय, ते वाचून जास्त वाईट वाटलं. जिताडा मासा हलणारं खातो, त्याला जिवंतच लागते हे खरं. पण पालू आणि शिंगाळा हे मासे ताज्या मेलेल्या कोळंबीवर उलट जास्त येतात, वासानं. डोकं मोडून टाका (काळं तेच आधी पडतं), साल काढा, १ नंबरच्या गळात शेपटीकडून ओवून टोक जरा बाहेर ठेवा आणि बारीक इलॅस्टिक धाग्याचे ८-१० वेढे द्या, म्हणजे फेकताना सुटत नाही. शिंगाळा लागला तर फडक्यानं धरा. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. जिवंत कोळंबी लावताना डोक्यावरच्या करवतीसारख्या काट्याखालून, आत काळा ठिपका दिसतो त्याच्या पुढून गळ आडवा काढायचा. ठिपक्यातून गेला की ती तिथेच मेली. त्यासाठी १/० मापाचा गळ पुरतो, तुमच्याकडे ५/० म्हणजे बराच मोठा दिसला. तेवढ्या वजनानंच बिचारी बुडते.

दराचं म्हणाल तर ‘बाजारात एवढ्या पैशांत अर्धा किलो’ मिळत असेल. पण ती बर्फातली, कालवणाची. ही रात्री ओहोटीला पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकून, हातानं निवडून, टाकीत हवा सोडून जगवलेली. टाकीत मरते ती आमच्या खात्यात. १५ रुपये नग यात आमचा बंगला होत नाही.

आमिषाच्या माकुलाच्या (स्क्विडच्या) पट्टीला ‘रबरासारखी’ म्हणालात. ती तशीच हवी. शिंगाळे आणि खेकडे कुरतडतात, मऊ आमिष दोन मिनिटांत गायब होतं. पट्टी बोटभर लांब, १ सेंटिमीटर रुंद, एका टोकाला निमुळती कापायची आणि रुंद टोकाला एकदाच टोचायची, म्हणजे पाण्यात फडफडते. गोळा करून लावली तर रबरच.

आणि साहेब, वेळ. त्या दिवशी अष्टमी होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरती काढतात: ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराला. त्यात भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी आधीच सुस्त. ‘चारनंतर बसा’ असं सांगितलं होतं, तुम्ही साडेअकराला साळाव पुलाच्या अलीकडे बसलात आणि दीडला उठलात. त्या वेळेला आमच्याकडचं काय, कुणाकडचंही आमिष चाललं नसतं.

तरी ग्राहक नाराज होऊन गेला हे खरं आहे. काउंटरवर सूचनांची पाटी लावतो, पंप भाड्यानं ठेवायचंही बघतोय. जमलं तर १ स्टारचा विचार करा, सुट्टीतल्या गिऱ्हाइकावरच आमचं वर्ष चालतं.

तुमचं माकुलाचं एक पाकीट इथेच राहिलंय. फ्रीजरमध्ये नाव घालून ठेवलं आहे. मध्ये लाईट गेली तर मात्र ते पुन्हा गोठवणार नाही, खडे मीठ लावून ठेवू. मीठ लावलेलं गळावर अजून घट्ट बसतं.