गाडी आहे ती, पैठणी नाही

आज सकाळी नाशकात गंगापूर रोडच्या पंपावर एका गृहस्थांनी मला झापलं. ओळख ना पाळख. मी टाकीचं झाकण उघडून उभी. मागच्या अल्टोतून हे उतरले, माझ्या जुन्या फिएट पालिओभोवती एक चक्कर मारली, वाकून मागचा बिल्ला वाचला आणि म्हणाले, "1.6 ना ही?" हो म्हटलं. असा चेहरा फुलला! मग विचारलं, "रोज चालवता?" म्हटलं, हो, अंबडला कंपनीत जाते हीच घेऊन. झालं. घरातल्या म्हाताऱ्या आजीला मी रोजंदारीवर पाठवते असं सांगितल्यासारखा चेहरा पडला. "अहो मॅडम, किती राहिल्यात आता या? कव्हर घालून ठेवायची, रविवारी एक फेरी मारायची. या खड्ड्यांतून रोज? जीव घेताय तिचा." आणि वर, "मिस्टर काही बोलत नाहीत?"

मिस्टरांचा काय संबंध हो? 2009 साली माझ्या पगारातून, माझ्या नावावर, पहिल्या मालकाशी मी स्वतः घासाघीस करून घेतलेली गाडी आहे. मिस्टर तिला हातही लावत नाहीत, क्लच जड लागतो म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फिएट पालिओ, 1.6 जीटीएक्स (म्हणजे 1.6 लिटरचं मोठं इंजिन), 2004 चं मॉडेल, लाल. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही जण हसतात. हसा. पालिओ 2001 ला आली तेव्हा नाशकात रस्त्यावर मारुती 800 चं राज्य होतं, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. त्यात एवढ्याशा गाडीला शंभर हॉर्सपॉवर दिलेले. जाहिरातीत सचिन. त्याच सचिनला फिएटवाल्यांनी फेरारी भेट दिली, तिच्या कस्टम ड्युटीवरून देशभर गदारोळ झाला, आणि शेवटी ती 2011 ला सुरतेला विकलीही गेली. माझी अजून नाशकातच आहे. सकाळी पावणेआठला जेहान सर्कल, तिथून एबीबी सर्कल, तिथून एक्स्लो पॉइंट. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर.

तर कव्हर घालून ठेवा म्हणे.

मी ठेवली होती. ठेवली होती हो! म्हणून तर एवढी चिडले. डिसेंबर 2019. पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून नोंदणी नुकतीच आरटीओतून पाच वर्षं वाढवून आणलेली. सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्यात भरवलं की आता तिला जपायला हवी, रोजच्याला एखादी ऑटोमॅटिक घे. घेतली. सोसायटीत दुसऱ्या गाडीला जागा नाही. मग निफाडकडे सासऱ्यांच्या मळ्यात न्यायची ठरली. अण्णा म्हणाले, "सूनबाई, कांदाचाळीला लागून पत्र्याची शेड मोकळीच आहे, लाव तिथं. पोरासारखी सांभाळतो." मी धुतली, पुसली, हँडब्रेक ओढला, दोन पदरी कव्हर घातलं आणि डोळे पुसत बसने नाशिकला आले.

मार्चमध्ये लॉकडाऊन. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला. बाजार समित्या कधी चालू, कधी बंद, चाळी भरल्या, आणि उरलेला कांदा आला शेडमध्ये. अण्णांचा फोन, "गाडीला काही होत नाही, कांद्याच्या आड आहे." खरंच आड होती. पुढे छातीएवढा ढीग. काढायची म्हटली असती तरी निघाली नसती. असं करत करत मी फेब्रुवारी 2021 मध्ये तिचं तोंड पाहिलं.

चौदा महिने. ना ऊन, ना पाऊस, ना खड्डा, ना कुणाचा ओरखडा. जपण्याचा कळसच म्हणा ना.

बॅटरी मेलेली, ते ठीक. हँडब्रेकमुळे मागचे ब्रेक लायनर ड्रमला घट्ट चिकटलेले, चाक फिरेना. क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरून बसलेली. पेट्रोलला जुन्या वॉर्निशचा वास, पंप जाम. टायर जिथे टेकले होते तिथे सपाट. एसीचा गॅस गेलेला, कारण आतलं ऑइल फिरलं नाही की कॉम्प्रेसरचं सील सुकतं, हे मला तेव्हा कळलं. आणि एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं बाळंतपण झालेलं. छान मऊ गादी, सगळी कांद्याच्या सालांची. त्यात मध्ये मध्ये माझ्या वायरिंगचे तुकडे, निळे, पिवळे, लाल. इतकं नीट विणलेलं की क्षणभर राग विसरले.

छोट्या हत्ती टेम्पोला बांधून नाशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या चाचांच्या गॅरेजला आणली. चाचांनी बॉनेट उघडलं, वास घेतला, मला वाटतं दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, इससे अच्छा ठोक देते. सस्ते में पडता." बासष्ट हजार रुपये गेले. पुढे दीड वर्ष हीटर लावला की कांद्याचा वास यायचा.

आता सांगा, जीव कुणी घेतला?

मला या जपणाऱ्या लोकांचा खरंच कंटाळा आलाय. गाडीच्या ग्रुपवर बघते ना मी. कव्हरखालची गाडी, खाली सहाशे लाइक. "वर्षात फक्त दोनशे किलोमीटर!" असं अभिमानाने लिहितात. आणि महिन्यातून एकदा पार्किंगमध्येच दहा मिनिटं चालू करून बंद करतात, तो तर सगळ्यात वाईट प्रकार. इंजिन नीट तापतच नाही, आत धरलेलं पाणी तसंच ऑइलमध्ये राहतं, सायलेन्सर आतून गंजतो. गाडी चालू करणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. बरं, हेही खरं की दूध आणायला दोन किलोमीटर नेणाऱ्यांनी माझी री ओढू नये, त्यांचंही इंजिन तापत नाही. माझं अंबडपर्यंत छान तापतं, मधल्या सिग्नलांची कृपा.

आता तर पेट्रोलही वीस टक्के इथेनॉलवालं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांना ते सोसेल असं मटेरियल आहे, माझी 2004 ची. चाचांनी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलून घ्यायला लावले, घेतले. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. म्हणजे हे पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने साठवायचं की आठवड्याला संपवून नवं भरायचं? हे त्या पंपावरच्या साहेबांना विचारायला हवं होतं. मला उत्तरं नेहमी एबीबी सर्कलला पोचल्यावर सुचतात.

हो, खर्च येतो. मान्य. शहरात नऊचं ॲव्हरेज, महिन्याला साडेपाच हजाराचं पेट्रोल. सुरक्षेतही नवी गाडी वरचढ आहे, त्यावर मी वाद घालत नाही, मुलीला लांब जायचं असेल तर ऑटोमॅटिकच देते. सरकारचं तर विचारूच नका. नोंदणी वाढवायला 2019 ला फी होती 600, 2024 ला 5000 मोजले, आणि आता वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000 केलेत. वर पर्यावरण कर, वर ती नवी नंबर प्लेट. जुन्या गाडीवाल्याने सांभाळ केला हाच गुन्हा. पण हे सगळं शेडमध्ये उभ्या गाडीलाही भरावंच लागतं की! उभी आहे म्हणून कुणी सूट देतं का?

पार्टचा मुद्दा मात्र खरा आहे, तिथे माझी बोलती बंद होते. 1.2 चं सामान अजून मिळतं, 1.6 चं म्हणजे देवाला नवस. गेल्या वर्षी टायमिंग बेल्टचा सेट हवा होता. तो तुटला तर व्हॉल्व वाकतात आणि इंजिनच उघडावं लागतं, त्यामुळे तिथे चालढकल चालत नाही. नाशकात नाही, पुण्यात नाही, शेवटी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात एका माळ्यावर सीलबंद डबा मिळाला. गंमत म्हणजे ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनलेली. माहेरी जाऊन सामान घेऊन आल्यासारखं वाटलं. तर हो, उद्या एखादा पार्ट मिळालाच नाही तर? माहीत नाही. तेव्हा बघू. उंदरांनी खाल्लेली वायरिंग तरी कुठे बाजारात मिळाली होती, चाचांनी मुलाला बसवून तीन दिवस एकेक वायर जोडली.

मला आईची पैठणी आठवते. येवल्याची, जांभळी, मोरांच्या पदराची. आई ती नेसायची नाही, "खराब होईल." मलमलच्या कापडात गुंडाळून, लवंगा घालून, कपाटात अगदी वर. माझ्या लग्नात उघडली तर घडीवर विरलेली. बरोबर घडीच्या रेषेत, जर मोडून. आईने तिथे पदर खोचून घेतला आणि दिवसभर हसत वावरली. घरी आल्यावर मात्र ती साडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. कांदाचाळीत कव्हर ओढलं तेव्हा मला आधी ती घडी आठवली, उंदीर नंतर दिसला.

हे लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक. आता खरं सांगते.

काल संध्याकाळी रविवार कारंजावर एका रिक्षाने डाव्या दाराला घासलं. हातभर ओरखडा. पत्र्यापर्यंत. रिक्षावाला थांबला, बिचारा घाबरला होता, "ताई, मुलाला दवाखान्यात न्यायचंय" म्हणाला, मागे खरंच एक पोरगं तापाने लोळत होतं, मी "जा" म्हटलं. घरी येऊन मुलीला म्हटलं काही नाही झालं, आणि रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन खाली उतरून तो ओरखडा बघत बसले. ओल्या फडक्याने पुसून पाहिला. जाणार नव्हताच. तेव्हा माझ्याही मनात आलं होतं, की ठेवू या का आता घरी? सिंहस्थाची कामं चाललीत, सगळं शहर खोदलंय, एकेक खड्ड्याला पुढचा बंपर टेकतो, एक दोन वर्षं तरी नको काढायला. आलं होतं मनात. म्हणून सकाळी त्या माणसाने तेच म्हटलं आणि माझा भडका उडाला.

आणि अजून एक. ते गृहस्थ तेवढं बोलून गेले नव्हते. मी पैसे देत होते तेव्हा परत आले. म्हणाले, "माझ्याकडे होती. पांढरी. 2013 ला विकली, जागा नव्हती ठेवायला." मग जरा थांबून, "मिनिटभर बसू का आत?"

मागे रांग होती. एक स्कूटीवाला हॉर्न वाजवत होता. मला मिस्टरांवरून राग आलेला होता. मी म्हटलं, "उशीर होतोय हो," आणि दार लावून निघाले. आरशात दिसले, नोझलच्या बाजूला हातात पाकीट धरून उभे. गाडी वळेपर्यंत बघत होते.

वाईट वागले मी. एक मिनिटाने काय कंपनी बुडणार होती? क्वालिटीत आहे, तिथे रोज दहा मिनिटं चहाला जातात.

तर दोन कामं आहेत. एक, जुन्या रंगाशी रंग जुळवून फक्त एक दार रंगवून देणारा कुणी पेंटर माहीत असेल तर सांगा, अख्खी गाडी रंगवा म्हणणारा नको. रंगवेपर्यंत मी ओरखड्यासकट चालवणार आहे. आणि दोन, गंगापूर रोडकडचे जे कुणी आहात: पन्नाशीपुढचे गृहस्थ, चष्मा, करडी अल्टो, पूर्वी पांढरी पालिओ होती. ओळखत असाल तर त्यांना सांगा, मी सकाळी पावणेआठला त्याच पंपावर असते. नुसतं बसायचं नाही म्हणावं, एबीबी सर्कलपर्यंत चालवा.

कव्हरचा विषय मात्र काढायचा नाही.