आरक्षणाचा चष्मा आणि जेसी स्ट्रीट

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. इथल्या मूळ रहिवाशांचं एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत आणायचं का, एवढाच प्रश्न होता. सिडनीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर मात्र निकाल आधीच लागला होता: ‘घ्या, आरक्षण इथेही आलं!’ राखीव जागा नाहीत, नोकऱ्या नाहीत, संसदेवर सल्ल्याचं बंधनही नाही. पण वाचतो कोण? गावाकडचं भांडण विमानात बसून आलं होतं. साठ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटलं. त्याचं खापर आपल्या मूठभर मतांवर फोडता येत नाही, पण तर्क आपलाच होता याची मला लाज वाटते.

मला राहून राहून आठवत होती जेसी स्ट्रीट, इथल्या मूळ रहिवाशांसाठी घटनाच बदलायला निघालेली ऑस्ट्रेलियन कार्यकर्ती. जन्म १८८९चा, रांचीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या मुलकी सेवेत. पुढे ती क्लॅरेन्स नदीकाठच्या आजोळच्या मोठ्या जमीनदारीत वाढली. ती जमीन मुळात बंडजालुंग या मूळ रहिवाशांची. स्त्रियांच्या समान वेतनासाठी ती आयुष्यभर भांडली. १९४५ला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद ठरली, तेव्हा ऑस्ट्रेलियन प्रतिनिधींत ती एकटीच बाई. विरोधक तिला ‘लाल जेसी’, म्हणजे कम्युनिस्ट, म्हणत.

इथल्या आदिवासींचा, म्हणजे मूळ रहिवाशांचा, प्रश्न हाती घेतला तेव्हा बाईंनी आधी राज्यघटना उघडली. कलम ५१ केंद्राला आदिवासींसाठी खास कायदे करू देत नव्हतं. कलम १२७ लोकसंख्या मोजताना त्यांना वगळत होतं. दया-दानाने हे सुटणार नाही, घटनाच बदला, असं तिने कार्यकर्त्या फेथ बँडलरला पटवलं आणि संसदेकडे करायच्या अर्जाचा मसुदा करून दिला. एप्रिल १९५७मध्ये सिडनी टाउन हॉलमध्ये सह्यांची मोहीम सुरू झाली. पुढची दहा वर्षं बँडलर, आदिवासी कार्यकर्ती पर्ल गिब्ज आणि त्यांच्या सोबत्यांनी ती लढवली. २७ मे १९६७ला या बदलांवर सार्वमत झालं: ९०.७७ टक्के ‘हो’! (त्या दिवशी मताधिकार मिळाला असं इथलेही बरेच जण समजतात, केंद्रीय निवडणुकीतला तो १९६२चा.)

महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींना राखीव आहेत, लोकसभेच्या ४८ पैकी चार. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत तशी एकही नाही. मग तुलना करायचीच तर ती गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या आदिवासी गावाशी करावी. तिथे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल जेसीसारखेच बाहेरून आले, गावाबरोबर अभ्यासगटात बसले, निर्णय ग्रामसभेचा. २००६च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन त्या गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. आमच्या ग्रुपवर हे नाव अजून कुणी काढलेलं नाही.