‘आनंद ज्याच्या-त्याच्या हातात’ म्हणणाऱ्या साहेबांना

एमआयडीसीतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कामगाराचा आनंद ज्याच्या-त्याच्या हातात. मॅनेजरनं वेळेवर पगार द्यावा, काम करून घ्यावं. घरचं टेन्शन घरी ठेवावं. आजकालची पोरं नाजूक झालीत.’ मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, शिफ्ट बघतो. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

कामगाराच्या हातात असतं काय? शिफ्ट कुठली, रजा मिळणार का, फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या) धुळीत किती दिवस काढायचे, रिजेक्शन कुणाच्या नावावर पडणार, हे सगळं वरचे ठरवतात. लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांवर १९८५ पासून सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल-२’ अभ्यासात, ज्यांना आपल्या कामात काही ठरवायला वावच नव्हता, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. म्हणजे प्रश्न नुसत्या मूडचा नाही, जिवाचा आहे.

‘घरचं टेन्शन घरी.’ २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. चिखली-आंबेवाडीची पोरं मशीनवर उभी आणि तिकडं गोठ्यात पाणी. एक साहेब विचारत होता, “उद्या येणार का, तेवढं सांग.” दुसरा म्हणाला, “आधी म्हशी हलव जा, हजेरीचं मी बघतो.” पगार दोघांच्या माणसांना सारखाच. पूर ओसरल्यावर राहिलेलं काम उरकायला दुसऱ्याच्या लाईनवर माणसं न बोलावता थांबली.

पगार वेळेवर हवाच, आणि दुप्पट दरानं ओव्हरटाइम हा कायदा आहे, त्यात उपकार कसले? पण चारचौघांत आईवरून शिवी खाल्लेला मोल्डर पगाराच्या दिवशीसुद्धा मान खाली घालूनच गेटबाहेर पडतो. हे मी बघितलंय आणि मला ते सहन होत नाही.

नाजूकपणाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच बर्नआउटचं, म्हणजे कामानं पार थकून जाण्याचं, मूळ कामावरच्या सततच्या, नीट न हाताळलेल्या ताणात आहे असं सांगितलं. २०२२ मध्ये त्यांनी मॅनेजरांनाच प्रशिक्षण द्या अशी शिफारस केली.

घरचे वाद मॅनेजरनं मिटवावेत, असं कुणीच म्हणत नाही. शिफ्टचा चार्ट आठवडाभर आधी लावा. चूक बाजूला घेऊन सांगा. रजेच्या अर्जाला त्याच दिवशी हो किंवा नाही म्हणा. यातल्या एकाही गोष्टीला मालकाची मंजुरी लागत नाही.