व्हिनेगर, मीठ आणि गॅरेजचं इपॉक्सी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गॅरेजच्या फरशीवरच्या इपॉक्सीची, म्हणजे काँक्रीटवर लावतात त्या टणक, चकचकीत रेझिनच्या कोटिंगची, वर्षभर निगा कशी राखावी या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही मिनेसोटातून लिहिलंय: 'गॅरेजच्या फरशीचं वर्षभर एवढं अवडंबर कशाला? उणे पंधरात धुवायची कुठे? आम्ही दर आठवड्याला व्हिनेगर-पाण्याने पुसतो, तरी चाकांखाली पोपडे सुटलेच. मग निगा राखून उपयोग काय?'

धुण्याबाबत तुमचं बरोबर आहे. 'हिवाळ्यात महिन्यातून एकदा धुवा' असं मी सरसकट लिहिलं होतं, ते चुकलं. गॅरेज तापवलेलं नसेल तर ते पाणी दाराशी गोठतं आणि दाराची रबरी पट्टी बर्फाला धरून बसते. लेखात दुरुस्ती केली आहे. पारा शून्याच्या वर चढेल त्या दिवशीच धुवा. तोवर गाडीखाली साचलेलं पाणी वायपरने एका कडेला ओढून जुन्या टॉवेलने टिपून घ्या.

ते टिपणं मात्र सोडू नका. मी मिशिगनमध्ये राहतो. आमच्या डेट्रॉइट शहराखाली सुमारे १,१०० फुटांवर मिठाची खाण आहे, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांच्या खोबणीतल्या बर्फाबरोबर घरात येतं. बर्फ वितळतो, पाणी सुकतं, मीठ आणि वाळू मागे राहते. मीठ इपॉक्सीला खात नाही, पण बुटाखाली आलं की कचकचतं आणि ओरखडे काढतं. रात्री दिवा बंद करा आणि टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा. माझ्याकडे गाडीच्या दारापासून घरात शिरायच्या दारापर्यंत दोन फूट रुंदीचा मंद पट्टा दिसतो, त्यात केसासारखे बारीक ओरखडे. गाडीच्या पोटाखाली तीच फरशी अजून आरशासारखी आहे. फरक फक्त पायांचा. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा, रुंद मॉप फिरवा, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता व्हिनेगर. स्वयंपाकघरातलं म्हणून ते सौम्य, असं नसतं. चिंचेने पितळ लख्ख होतं ते आंबटपणामुळेच, आणि संगमरवरावर लिंबू सांडलं की डाग पडतो तोही त्याचमुळे. एकदा पुसल्याने काही बिघडत नाही. दर आठवड्याला पुसलंत तर चकाकी उतरत जाते, आणि जिथे भेग आहे किंवा कडेला कोटिंग पोहोचलेलं नाही तिथे ते खालच्या काँक्रीटला लागतं. त्याऐवजी कोमट पाण्यात थोडं न्यूट्रल पीएचचं, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं, क्लीनर घाला. भांड्यांचा साबण नको, त्याचा थर राहतो आणि ओली फरशी निसरडी होते. उन्हाळ्यात ब्रेक ऑइल सांडलं तर मात्र हातातलं काम टाकून आधी ते पुसा, ते कोटिंग मऊ करतं.

पोपड्यांचं वाचून खरंच वाईट वाटलं, कारण खर्च आणि मेहनत दोन्ही तुमची. पण तो पुसण्याचा दोष नाही. हायवेवरून आलेला टायर तापलेला असतो. कोटिंगची पकड कच्ची असेल तर गार होताना आकसणारा टायर ते उचलून घेतो. पकड ठरते ती कोटिंग लावण्याआधी काँक्रीट किती नीट घासलं आणि किती कोरडं होतं यावर.

एक पोपडा उलटा करून पाहा. पाठीला राखाडी सिमेंट चिकटून आलं असेल तर काँक्रीटचा वरचा थरच कमकुवत होता. पाठ स्वच्छ, गुळगुळीत असेल तर कोटिंग धरलंच नव्हतं. मग उघड्या पडलेल्या जागी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेप लावून निदान सोळा तास ठेवा. काढताना आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर ओल खालून येते आहे, आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत नवं कोटिंग लावू नका. काय निघालं ते इथेच कळवा, फोटोसह.